सोबतीचं ओझं

कोकणकड्याच्या काठावर पालथं पडून खाली पाहिलं की कातळाचे थर दिसतात. एकावर एक, कुणी वाकळ शिवावी तसे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भुईतून उसळलेला लाव्हा इथं थिजला आणि त्याचा सह्याद्री झाला. आम्ही सगळे लहानपणापासून ज्वालामुखीच्याच दगडावर चालत आलो, फक्त तो कधीच निवला आहे.

त्या दिवशी आम्ही काठापासून दहा हात मागे बसलो होतो. पाचनईकडून चढून आलेलो, तो आणि मी, दोघंच. किलिमांजारोहून परतून दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत आम्ही भेटलो, जेवलो, एकमेकांच्या घरच्या कार्यांना गेलो, पण त्या रात्रीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

आम्ही चौघं कॉलेजपासून बरोबर डोंगर हिंडतो, याला आता तीस वर्षं झाली. गेल्या जानेवारीत माचामेच्या वाटेनं सात दिवसांचा बेत करून टांझानियाला गेलो. शेवटच्या रात्री चौघांपैकी तिघं उहुरू शिखरावर पोचलो, 5,895 मीटरवर. त्याला मुख्य गाईडनं सुमारे 5,400 मीटरवरून परत पाठवलं.

पुढचं संभाषण मी घरी येऊन लिहून काढलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

तो: आपण किलिमांजारोचा ट्रेक केला असं मी कुणाला सांगत नाही. आपल्याला तिथं नेऊन आणलं, असं सांगतो.

मी: सहा दिवस स्वतःच्या पायांनी चाललास की.

तो: पाय माझे होते. बाकी काय माझं होतं? उठायचं कधी, निघायचं कधी, पाणी किती प्यायचं, पाऊल किती सावकाश टाकायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. सकाळपासून रात्रीपर्यंत 'पोले पोले'. हळू हळू. आपण इथं नवख्या घाटवाटेला गावातून वाटाड्या घेतो. तो वाट दाखवतो, पुढं जाऊन झाडोरा तोडतो. पण पाऊस वाढला, उशीर झाला, कुणाचे पाय थरथरायला लागले, तर उतरायचं की चढायचं हे आपण ठरवतो. चौघं बसून ठरवतो. तिथं आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी: गाईडशिवाय तिथं पाऊल टाकता येत नाही. 1991 पासून नियमच आहे तसा.

तो: नियम मला ठाऊक आहे. त्या नियमानं आपलं काय झालं, ते मी विचारतोय.

याला मी लगेच उत्तर दिलं, कारण या मुद्द्यावर माझ्या मनात शंका नाही. वाटाड्या आणि किलिमांजारोचा गाईड ही दोन वेगळी कामं आहेत. माचामेची वाट इतकी मळलेली आहे की ती दाखवायला कुणी लागत नाही. गाईड वाट वाचत नव्हता, आम्हाला वाचत होता. माचामेचं प्रवेशद्वारच मुळी 1,800 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चढाई सुरू व्हायच्या आधीच आपण कळसूबाईच्या माथ्याच्या वर असतो. कळसूबाई 1,646 मीटर. त्याच्यापुढं आपल्या सह्याद्रीच्या अनुभवाचा हिशोब संपतो. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. हवेतल्या प्राणवायूचं प्रमाण तेवढंच, पण प्रत्येक श्वासात हाती लागतो तो निम्मा. आणि हा तुटवडा आधी गाठतो तो मेंदूला, ज्याच्या भरवशावर आपण निर्णय घ्यायचे.

मी: तिसऱ्या दिवशीचा लाव्हा टॉवर आठव. सकाळपासून चढून 4,600 मीटरवर गेलो, तिथं डबा खाल्ला, आणि मुक्कामाला परत सातशे मीटर खाली बॅरँकोला उतरवलं. तू किती चिडला होतास! कमावलेली उंची घालवायची कशाला, म्हणून.

तो: आणि बॅरँकोला उतरल्यावर डोकं दुखायचं थांबलं. हो, ते कबूल आहे. उंचावर जायचं आणि खाली येऊन झोपायचं, मग शरीराला कळतं. ते शहाणपण त्यांचं, माझं नव्हे. त्या उतारावरची झाडं अजून डोळ्यांपुढं येतात. माणसाहून दुप्पट उंच, बुंध्याला वाळलेल्या पानांचं गोधडं गुंडाळलेलं, माथ्यावर कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुबका.

मी: सेनेसिओ. रात्रीच्या थंडीत मधला कोंभ गोठू नये म्हणून पानं मिटून घेतात.

तो: बघ, किती गोष्टी आवडल्या मला. त्या काळ्या दगडातले शंकरपाळ्याच्या आकाराचे पांढरट स्फटिक मीच तुम्हाला दाखवले होते. आपल्याकडं कातळाच्या पोकळीत गारगोट्या नि झिओलाइट भेटतात, किलिमांजारोच्या लाव्हात ही शंकरपाळी. तिथले दगड सगळ्यात जुने धरले तरी पंचवीस लाख वर्षांचे. आपल्या कड्यापुढं तान्हं बाळ. विवराच्या आत अजून गंधकाची वाफ निघते म्हणतात. मला त्या डोंगरावर राग नाही. तू तसं समजू नकोस.

थोडा वेळ आम्ही गप्प बसलो. खाली बेलपाड्याच्या बाजूनं धुकं वर सरकत होतं. मग त्यानं तो विषय काढला, जो तो काढणार हे मला माहीत होतं.

तो: चौघांमागे सोळा माणसं होती. मी मोजली होती. तीन गाईड, एक स्वयंपाकी, बारा हमाल. आपण पाठीवर पाण्याची बाटली आणि रेनकोट घेऊन रमतगमत चाललोय, आणि बाजूनं एक पोरगा डोक्यावर जेवणाचं टेबल घेऊन पुढं निघून जातो. संध्याकाळी आपण पोचायच्या आत तंबू उभा, पाणी तापलेलं.

मी: गेटवर प्रत्येकाचं ओझं तोललं जातं. 20 किलोंची मर्यादा आहे. हमालांच्या पगारावर, तंबूंवर, जेवणावर लक्ष ठेवणारी संस्थाही 2003 पासून काम करते. आपण कंपनी निवडताना तेच तर बघितलं होतं.

तो: बघितलं, आणि बरं केलं. पुन्हा जाणाऱ्याला मी हेच सांगेन. स्वस्तातला दर घेतलास तर तो हमालाच्या पोटातून निघतो. त्या उतारावर चागा लोकांची केळीची, कॉफीची वाडी आहे, पण वाडी वाटून वाटून लहान होत जाते, मग पोरं ओझी उचलतात. त्यांना काम हवं आहे. त्यांनी ओझं वाहू नये असं मी म्हणत नाही. मी त्या ओझ्याबद्दल बोलतोय जे गेटवरच्या काट्यावर कुणी ठेवलं नाही.

मी: म्हणजे?

तो: रतनगडाहून इकडं येताना तुझा घोटा मुरगळला होता, आठवतंय? तीन दिवसांचा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चौघंही खाली उतरलो. कुणी चर्चा केली? एकानं विचारलं का, की एकजण हिच्याबरोबर थांबा, बाकीचे पुढं जाऊ? आपल्यात तो नियमच होता. शेवटचा माणूस चालेल तेवढा सगळ्यांचा वेग, आणि एक उतरला की सगळे उतरले. तीस वर्षं तो नियम आपण कधी बोलून दाखवला नाही, कारण बोलायची वेळच आली नाही. आणि तिथं तो एका मिनिटात गेला. का गेला? कारण आपण सोय विकत घेतली होती. एक गाईड जादा होता. तो असतोच त्यासाठी, की एकाला घेऊन खाली जाईल आणि बाकीच्यांचं शिखर वाया जाणार नाही. तंबू दिला, पाणी दिलं, सॅक दिली, आणि त्याच पैशात आपण एकमेकांची सोबतही उचलायला देऊन टाकली.

दहा महिने मी या वाक्याची वाट पाहत होते की त्याला घाबरत होते, मला सांगता येणार नाही. पण त्याला अर्धीच रात्र माहीत होती. उरलेली मी सांगायला लागले.

बराफूच्या छावणीतून आम्ही मध्यरात्री निघालो. स्वाहिलीत घड्याळ सूर्याबरोबर मोजतात, म्हणून आमच्या मध्यरात्रीला ते रात्रीचे सहा म्हणतात. बराफू म्हणजे बर्फच. हा शब्द फारसीतून तिकडंही गेला, आपल्याकडंही आला. पहिले दोन तास वर कपाळावरच्या दिव्यांची ओळ दिसत होती आणि खाली आमच्या बुटांखाली घसारा करकरत होता. नळीतलं पाणी गोठलं. तो माझ्या पुढं होता. साडेचारच्या सुमाराला मला दिसलं की त्याची पावलं रेघ सोडून पडताहेत. एकदा डावीकडं झुकला, एकदा उजवीकडं. थांबल्यावर त्यानं हातमोजा काढला आणि तो उलटा चढवायला लागला. अंगठ्याच्या जागी करंगळी घालत होता, पुन्हा पुन्हा, शांतपणे.

मुख्य गाईड त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो पडला असता, गाईडनं धरला. मग गाईडनं इंग्रजीत विचारलं, आपण कुठं आहोत? आणि यानं उत्तर दिलं मराठीत.

तो: मराठीत?

मी: मराठीत. गाईडला कळलं नाही. त्यानं माझ्याकडं वळून विचारलं, हा काय म्हणतोय?

तो: काय म्हणालो मी?

मी: तू म्हणालास, माझी सॅक चोरदिंडीत राहिली, मी घेऊन येतो.

तो माझ्याकडं बघत राहिला. चोरदिंडी राजगडावर आहे, आणि तिथं आम्ही शंभर वेळा तरी चढलो असू.

मी: त्या क्षणी सगळं माझ्या हातात होतं. मी गाईडला सांगू शकत होते की तो थंडी वाजतेय म्हणतोय, किंवा दमलोय म्हणतोय. त्यानं आणखी पाच मिनिटं दिली असती, गरम चहा पाजला असता, पुन्हा बघितलं असतं. तुला हे शिखर किती हवं होतं, ते मला ठाऊक होतं. दोन वर्षं पहाटे उठून सिंहगड केलास. पण मी खरं ते सांगितलं. अक्षर न् अक्षर. आणि त्यानं हात वर करून धाकट्या गाईडला बोलावलं. तू म्हणतोस ना, आपल्याला कुणी विचारलं नाही? मला विचारलं होतं. तुला खाली पाठवलं ते माझ्या उत्तरानं.

तो: मेंदूला सूज यायला लागली होती.

मी: त्याची खूण तीच. चाल बिघडते आणि बोलणं भरकटतं. त्यावर एकच खरा उपाय, खाली उतरणं, ताबडतोब. गोळी, प्राणवायू हे सगळं उतरायला मदत म्हणून. आणखी तासभर चढला असतास तर तुला उचलूनच न्यावं लागलं असतं. कदाचित तेही नाही.

तो: तुझं उत्तर बरोबर होतं. त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे, आणि हे मी मनापासून बोलतोय. पण उत्तर दिल्यावर तू काय केलंस?

मी: पुढं गेले.

तो: हां.

मी: माझं म्हणणं ऐक. त्या उंचीवर मी तुझ्या काय उपयोगाची होते? माझे स्वतःचे पाय बधिर झाले होते. तुझ्याबरोबर उतरणारा मुलगा त्या घसाऱ्यावर वाढलेला. तू घसरलास तर तो तुला धरू शकत होता. मी धरायला गेले असते तर दोघं गेलो असतो आणि त्याला दोन माणसं सांभाळावी लागली असती. आपला नियम इथला आहे, जिथं एकमेकांना खाली आणायची ताकद आपल्यात आहे. जिथं ती नाही, तिथं ज्याच्यात आहे त्याच्या हाती माणूस सोपवणं हीच काळजी घेणं. आणि आणखी एक. आम्ही तिघंही उतरलो असतो तर आज तू इथं बसून म्हणाला असतास, माझ्यामुळं तुमचं शिखर गेलं. ते ओझं तू जन्मभर वाहिलं असतंस.

तो: वाहिलं असतं. मला चाललं असतं.

मी: मला नसतं चाललं.

तो: वर पोचल्यावर कसं वाटलं?

हा प्रश्न त्यानं पहिल्यांदाच विचारला. मी खरं सांगितलं. स्टेला पॉइंटला सूर्य आला. डाव्या हाताला हिमनदीची भिंत होती, खालून निळी, वरून पांढरी. 1912 पासूनच्या शंभर वर्षांत तिथलं ऐंशी टक्क्यांहून जास्त बर्फ गेलं, हे वाचून गेले होते, तरी जे उरलंय ते पाहून रडू आलं. पुढं विवराच्या कडेनं तासभर चालून शिखराची पाटी. जर्मनांच्या काळात हे त्यांच्या सम्राटाच्या नावाचं शिखर होतं. 1961 च्या 9 डिसेंबरला देश स्वतंत्र झाला, त्याच रात्री अलेक्झांडर न्यिरेंडा नावाच्या लेफ्टनंटनं तिथं झेंडा रोवला आणि मशाल पेटवली, आणि शिखराचं नाव उहुरू झालं. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य.

तो: फोटोत तू हसते आहेस.

मी: हो. मला आनंद झाला होता. तो आनंद खोटा होता असं तुला बरं वाटावं म्हणून मी म्हणणार नाही.

तो: म्हणू नकोस. मला तो फोटो आवडतो.

मग मी त्याला हान्स मायरची हकिकत सांगितली. 1889 मध्ये मायर आणि पुर्टशेलर पहिल्यांदा शिखरावर पोचले ते कसे? आधीच्या खेपेला मायरला अपयश आलं होतं. या वेळी त्यानं चढावर टप्प्याटप्प्यानं छावण्या मांडल्या, खालून शिधा येत राहील अशी व्यवस्था केली, म्हणजे एकदा हरलं तरी खाली गावापर्यंत यायला नको, पुन्हा प्रयत्न करता येईल. पांगानीचा मुइनी अमानी त्यांच्यासाठी चार हजार मीटरच्या वरच्या छावणीत थांबून राहिला होता. मला म्हणायचं होतं की त्या डोंगरावर पहिले चढणारेही एकटे चढले नव्हते. माणसं टप्प्याटप्प्यावर थांबली, म्हणून दोघं वर गेली.

तो: आणि मी ती गोष्ट दुसरीकडून ऐकतो. दोघं वर गेले, आणि त्या थंडीत दिवसच्या दिवस छावणी धरून बसलेला तिसरा. संध्याकाळी ते दोघं परत येतात, हा शेकोटी पेटवून असतो. त्याला त्यांनी काय सांगितलं असेल? तुला माहितेय, मला शिखराचं फार वाईट वाटत नाही. पन्नाशी उलटली, पुन्हा जमणार नाही, ठीक आहे. मला रुतलंय ते दुसरंच. गाईडनं मला वळवलं तेव्हा मला एवढंच आठवतं की मी वर पाहिलं आणि तीन दिवे चालायला लागले होते. एकही दिवा मागे वळला नाही. कपाळावर दिवा असला की माणूस मागे वळून पाहतो तेव्हा कळतं ना. उजेड तोंडावर येतो.

यावर मला बोलता आलं नाही. मी वळले नव्हते. वळले असते तर माझे पाय पुढं पडले नसते, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं, आणि म्हणून मी वळले नव्हते. हे मी त्याला तिथंच, कड्यावर सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त मान हलवली. त्याला ते पटलं की नाही, मला अजून माहीत नाही.

धुकं काठापर्यंत आलं. पाचनईचा एक म्हातारा लिंबू सरबताची बाटली आवरत होता, त्यानं आम्हाला हाक मारली, उतरा आता. आम्ही उठलो. सॅक पाठीवर टाकता टाकता तो म्हणाला, त्या पोराचं एक राहिलं सांगायचं.

तो: उतरताना मी त्याला सारखा विचारत होतो, बाकीचे कुठायत? मराठीतच विचारत असणार, आता कळतंय. त्यानं माझा दंड धरलेला, घसाऱ्यातून टाचा रोवत मला उतरवत होता. विचारलं की प्रत्येक वेळी तो एकच शब्द म्हणायचा. वानाकुजा. दहा पावलं झाली की मी पुन्हा विचारायचो, तो पुन्हा म्हणायचा, वानाकुजा. एकदाही कंटाळला नाही. बाकी रात्र पुसली गेली, तो शब्द राहिला. पुण्याला आल्यावर अर्थ शोधला.

मी: काय?

तो: येताहेत.

आम्ही तिघं बराफूला परत आलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. तोवर त्या मुलानं त्याला आणखी आठशे मीटर खाली, मिलेनियम छावणीवर नेलं होतं. बराफूला त्याच्या तंबूत त्याची पिशवी तेवढी होती, आणि तिच्यावर नीट घडी करून ठेवलेला तो एक हातमोजा.